गॅरेजचं दार दोन फूट वर नेताना

व्हॅनचा टप दाराच्या तुळईला टेकला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून मला विचारलं, "ओव्हरसियरसाहेब, आता?"

जव्हार संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. संस्थानी मोटारींचं हे गॅरेज सरकारकडे आलं होतं. दवाखान्याची नवी व्हॅन मोखाड्याकडच्या पाड्यांवर फिरायची, ती इथे ठेवायची होती. जुन्या मोटारी बुटक्या. ही त्यांच्याहून दीड फूट उंच. जमीन खणावी तर पावसाचं पाणी आत. म्हणून दारच दोन फूट वर न्यायचं ठरलं. मी पुण्याहून शिकून आलेला, पी.डब्ल्यू.डी.त नवाकोरा. काम माझ्याकडे आलं.

गवंडी होते दाभोशाचे नवशादादा. वय साठीचं, अंग काटकुळं. त्यांच्या घरच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वर कोन ऱ्हातं, तुला ठावं हाय का?"

वरच्या खोलीत कंपाउंडरचं बिऱ्हाड होतं. बायको नुकती बाळंत झालेली, आणि हलवायला दुसरी जागा नव्हती. माझ्या ड्रॉइंगमध्ये हे बिऱ्हाड कुठेच नव्हतं.

मग दादांनी नीडल घातल्या. म्हणजे भिंतीतून आरपार आडव्या तुळया, खाली टेकू, टेकूखाली पाचरी. वरचा भार तेवढे दिवस त्यांच्यावर. जुनी तुळई काढली, दोन फूट वर लोखंडी गर्डर बसवले, वरची फट दगड-चुन्याने भरली. खिडकीपाशी केसाएवढी चीर पडली होती. दादांनी तिच्यावर चुन्याचा पातळ पट्टा ओढला.

"हा कशाला?"

"भीत हालली तं हा फुटंल. ती बोलत नाय, हा बोलतो."

पाचव्या दिवशी डेप्युटी इंजिनियर जीपने आले. "टेकू अजून? शुक्रवारी मोठे साहेब येताहेत. काढा."

चुना अजून ओला आहे, हे मला दिसत होतं. तरी मी म्हणालो, "दादा, काढा." ते वाक्य आजही मला टोचतं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, चुकलेल्या पोराकडे बघावं तसं. "पयलं वयनीला खाली आन."

बाळाला घेऊन ती अंगणात आली. दादांनी एक पाचर बोटभर सैल केली. पट्टा टचकन फुटला. दादांनी दोन घावांत पाचर परत ठोकली.

बाळ रडायला लागलं.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी हळूच विचारलं.

"चुना धरंल तवा."

"म्हणजे कधी?"

"तं चुन्याला इचार, सायेब!"

या 'तू'वर साहेब भडकतील असं वाटलं. ते हसले. शुक्रवारी व्हॅन बाहेर ताडपत्रीखालीच उभी राहिली, आणि मोठ्या साहेबांना कारण डेप्युटी साहेबांनी स्वतः सांगितलं.

दादांनी नवा पट्टा ओढून वाळू दिला आणि बारा दिवसांनी एकेक पाचर काढली. पट्टा शाबूत राहिला. व्हॅन सरळ आत गेली. कंपाउंडरच्या बायकोने चहा केला. पहिला कप दादांना दिला, दुसरा ड्रायव्हरला. माझा नंबर शेवटी लागला, आणि तो बरोबरच होता.

तीस वर्षं नोकरी केली. उंची मी नेहमी टेपने मोजली. मुदत मात्र साहेबाला सांगण्याआधी गवंड्याला विचारली.