बडी बीची सवत

जैतून सिद्दीचा डोळा लागतो तो भर दुपारी, खारशेतच्या शाळेत, संगणकाच्या खोलीत. झोपायचं तिच्या मनात अजिबात नाही. अडीच वाजता सुनावणी आहे. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संग्रहालयाची मंडळी समोरच्या पडद्यावर येणार आणि बडी बी घरी यायची की नाही ते आज ठरणार. पण तिकडे अजून सकाळ आहे, त्यांचा चहा आटोपायचा आहे, आणि जैतूनचा तीन रात्री डोळा लागलेला नाही. दुभाषी म्हणून शेजारी बसलेल्या म्हात्रे बाई, शाळेतल्या संगणकाच्या शिक्षिका, तिला म्हणतात की पडा जरा, ते आले की हलवते. जैतून टेबलावर हात ठेवते आणि हातावर कपाळ टेकते.

बडी बी म्हणजे ढोल. कमरेएवढा उंच, तीन पायांवर उभा, एकाच खोडातून कोरलेला. जैतूनच्या पूर्वजांना जहाजात कोंबून या किनाऱ्यावर आणलं आणि विकलं. त्यांची नावं धन्यांनी ठेवली, अंगावरचे कपडे धन्यांचे, पाठ टेकायची जागासुद्धा धन्यांच्या मर्जीची. या माणसांनी स्वतःची म्हणून पहिली जी वस्तू केली ती ही. दर्ग्याच्या उरुसात ती घुमायची आणि अख्खी सिद्दीवाडी तिच्याभोवती नाचायची. मग बंदरावरच्या गोऱ्या साहेबाने ती नेली. संग्रहालय म्हणतं, फुकट नेली नाही, बदल्यात सागवानाचा ओंडका दिला. रीतसर देवघेव झाली. पुरावा काय, तर खुद्द जैतूनने पाठवलेला फोटो. गेल्या उरुसाचा, मधोमध एक जुना देखणा ढोल. म्हणजे आम्ही दिलेल्या लाकडाचा तुम्ही दुसरा ढोल केलात आणि आजतागायत वाजवताय, मग तक्रार कसली?

खरी गोष्ट अशी की तो ढोल गुजरातेतल्या सोयऱ्यांचा, टेम्पोत घालून आणलेला. सिद्दीवाडीत ढोलच नाही. उरुसात पालथा डबा वाजवतात, पूर्वी घासलेटचा, आता तेलाचा. परदेशातल्या शिकल्यासवरल्या माणसांना डबा काय दाखवायचा, असं जैतूनला वाटलं. तिने डबा गोधडीखाली सरकवला, उसन्या ढोलाला खेटून उभी राहिली आणि चांगली हसून फोटो काढून घेतला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. हे तिने अजून म्हात्रे बाईंनाही सांगितलेलं नाही.

वर पंखा फिरतो आहे. त्याच्या घरघरीत हळूहळू ठेका येतो, एक लांब, दोन आखूड, आणि जैतून मान वर करते तर समोरच्या संगणकापाशी याकूबमामू बसले आहेत. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. होडीवरून उतरून थेट आल्यासारखे.

मामू गेल्या थंडीत वारले हे तिला ठाऊक आहे. संग्रहालयाला एकोणीस वर्षं पत्रं लिहिणारा माणूस, आणि पहिलं धड उत्तर येण्याआधी दोन महिने गेला. ते इथे कसे, असा प्रश्न तिला पडत नाही. त्यांना बसायला नीट खुर्ची दिली नाही, एवढंच तिला लागतं.

"काय गो जैतू," मामू म्हणतात, "सवत आणलीस म्हणे घरात."

कसली सवत, ती विचारते. मामू हसतात. पुढचे दोन दात तिकडे जाऊनही उगवलेले नाहीत.

"बडी बीची. टेम्पोतनं आणलीस, फोटोपण काढलास तिच्यासंगं."

जैतूनची मान खाली जाते. खाली फरशी नाही, दर्ग्याचं अंगण आहे, सारवलेलं, आणि बाकांच्या जागी बायका बसल्या आहेत, कुणी ओळखीच्या, कुणी कधीच न पाहिलेल्या. मधे पालथा डबा. कुणी रागावलेलं नाही, आणि त्यानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती सांगून टाकते. म्हणते, मला डब्याची लाज वाटली मामू. आपल्याला ढोल परवडला नाही हे त्यांना दिसू नये म्हणून केलं.

"परवडला नाही?" मामू बायकांकडे बघतात आणि बायका पदराआड हसतात. "उरसाला दोन दोन बकरे परवडतात, नि एक ढोल परवडत नाय? बाई जिती हाय, जैतू. परमुलखात का असेना, जिती हाय. ती जिती असताना तिच्या जागी दुसरी बसवायची नाय, असं ठरलं तेव्हा. डबा वाजवतो तो तिची जागा राखायला."

हे कुणी ठरवलं, ती विचारते. मामू हनुवटीने बायकांकडे दाखवतात. मग मला कसं कुणी सांगितलं नाही? यावर मामू जरा ओशाळतात. म्हणतात, मला वाटलं तुझ्या आईने सांगितलं असेल, आणि तिला वाटलं मी सांगितलं. दोघं आपापलं आयुष्य जगलो आणि सांगायचं राहून गेलं. जैतूनला राग यावा तर हसू येतं. एकोणीस वर्षं परक्यांना पत्रं लिहिली आणि घरातल्या पोरीला दोन वाक्यं सांगितली नाहीत.

"आणि ते लाकूड?" ती विचारते.

पाणी घोट्याला लागतं. अंगण राहिलेलं नाही, खाडी आहे, भरती नुकती चढू लागलेली, आणि मामू पुढे चालले आहेत त्या दिशेला वाडीतल्या साऱ्या होड्या एका खुंट्याला बांधलेल्या आहेत. हा खुंटा जैतून जन्मापासून बघते आहे. लहानपणी त्यावर चढून तिने पाण्यात उड्या मारल्या. त्याला सगळे साहेबाचा खुंटा म्हणतात. का म्हणतात, ते विचारायचं कधी सुचलंच नाही.

मामू सांगतात आणि ती ऐकते. साहेबाची माणसं ओंडका अंगणात टाकून गेली. कुणी म्हणालं जाळा, कुणी म्हणालं खाडीत ढकला. पण जाळला तरी वापरला असं झालं असतं, आणि ढकलला तर पुरावाच वाहून गेला असता. तेव्हा तो आहे तसा उभा पुरला, सगळ्यांना दिसेल असा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर बोट दाखवता येईल. पोरांना बजावलं, होडी बांधा, दोर बांधल्याने लाकूड आपलं होत नाही, पण त्याला पातं लावायचं नाही. कुऱ्हाड नाही, सुताराचा वाकस नाही, साधा खिळासुद्धा नाही.

"दोर वर कर," मामू म्हणतात.

काथ्याचा दोर भिजून जड झाला आहे. वेढ्यावर वेढे. ती दोन्ही हातांनी ते वर सरकवते, तळवे सोलवटतात, आणि खाली जिथे ऊन-पाऊस कधी पोचलाच नाही तिथे लाकूड अजून तांबूस आहे. बोटांना खड्डे लागतात. एक बाण, त्याच्या दोन बाजूंना दोन अक्षरं. लोखंडी हातोड्याने ठोकलेला साहेबाच्या वखारीचा शिक्का.

तिला रडू फुटतं. मामू, दोन महिने थांबला असतात तर, ती म्हणते, फक्त दोन महिने.

"मी कुठं गेलोय?" मामू म्हणतात. "बडी बीशेजारी बसलोय. एकटीला सोडून येतोय थोडाच. तू जा, बोल त्यांच्याशी. आणि खरं ते बोल."

ते तिच्या खांद्यावर हात ठेवतात आणि तो हात म्हात्रे बाईंचा असतो.

पडद्यावर पाच चेहरे आहेत. पंखा पंख्यासारखाच फिरतो आहे. जैतूनच्या उजव्या मुठीत काहीतरी खुपतं म्हणून ती मूठ उघडते, तर काथ्याची वीतभर बट आहे, ओली, आणि तिचं पाणी मनगटावरून टेबलावर उतरतं आहे. म्हात्रे बाई घाईने कीबोर्ड उचलतात, वर छताकडे बघतात, गळतंय कुठे ते शोधतात. जैतून बट जिभेला लावून बघते. खारट आहे.

पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई प्रश्न विचारतात, तोच, लाकडाचं तुम्ही काय केलं? जैतून उठून उभी राहते. आधी फोटोचं सांगते, काही हातचं न राखता. तो ढोल आमचा नाही, मी उसना आणला, मला लाज वाटत होती, आता वाटत नाही. म्हात्रे बाई एकदा तिच्याकडे बघतात आणि शब्दाला शब्द भाषांतर करतात. मग जैतून म्हणते, लाकूड बघायचं असेल तर चला माझ्याबरोबर. बाई, ही सुनावणी फोनवर घ्या.

शाळेपासून खाडी दोनशे पावलं. वाटेत जाळी विणणाऱ्या बायका उठून मागे येतात, भाजी निवडणाऱ्या येतात, आणि खुंट्यापाशी पोचेपर्यंत सगळी वाडी जमलेली असते. जैतून चिखलात उतरते, दोराचे वेढे वर सारते, पदराने लाकूड पुसते. म्हात्रे बाई फोन जवळ धरतात. बाण. दोन अक्षरं. आणि खालपासून वरपर्यंत एवढ्या मोठ्या खुंट्यावर पात्याची एक खूण नाही.

 अध्यक्षबाई फाईल उघडतात, एक पिवळा कागद काढतात आणि कॅमेऱ्यापुढे धरतात. साहेबाचंच पत्र. लाकूड पाठवल्याची नोंद, आणि समासात शाईने काढलेला तोच बाण, तीच अक्षरं. मग त्या चष्मा काढून कागद खाली ठेवतात.

"आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो की मोबदला दिला," म्हात्रे बाई त्यांचं बोलणं मराठीत आणतात. "तुम्ही तर तो उभा करून ठेवलाय. तुम्ही तो घेतलाच नाही. देवघेव झालीच नाही."

"नाहीच झाली," जैतून म्हणते.

पाच डोकी एकमेकांकडे झुकतात, फार वेळ नाही, आणि अध्यक्षबाई सांगतात की समितीचं एकमत झालं, ढोल तुमचा आहे. म्हात्रे बाई हे मराठीत नीट सांगूसुद्धा शकत नाहीत, पण सांगायची गरज कुणाला आहे? बायका चिखलातच नाचायला लागतात. हातात काही नाही म्हणून कुणी टाळी धरतं, कुणी होडीच्या फळीवर थाप मारतं, आणि जैतून रडत रडत हसते. मामूंचं नाव ती मोठ्याने घेते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

या गलबल्यात अध्यक्षबाई विचारतात, पाठवताना काही विशेष काळजी घ्यायची का? जैतून डोळे पुसते आणि म्हणते, "काचेतनं काढलं की आधी दोन दिवस उन्हात ठेवा तिला. कातडं तापलं की आवाज खुलतो."

भाषांतर पोचायला थोडा वेळ लागतो. मग अध्यक्षबाई खुर्ची मागे सारून उठतात आणि त्या काचेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारतात.