पासपोर्टप्रमाणे नाव

फ्लॉरेन्सच्या चार दिवसांचं नियोजन नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरेच्या घरी, एका रविवारी दुपारी झालं. हजर चौघं: मी, नवरा, झूटरमेरहून आलेली मोठी नणंद आणि तिचे यजमान. यजमान प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. सहलीबद्दल त्यांचा नियम एकच, आधी शीट, मग सहल. जेवणं झाल्यावर त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आमटीच्या वासात आम्ही रकाने वाचायला बसलो.

प्रत्येक कामासमोर एक जबाबदार माणूस होता. तिकिटं त्यांच्याकडे. राहण्याची जागा आणि प्रवाशांची माहिती नणंदेकडे. सगळं तपासून हिरवी खूण करणं नवऱ्याकडे. माझ्या नावापुढे ‘नाश्ता’ होतं. नणंदेला सलग दोन सकाळी पाव चालत नाही, म्हणून स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला होता. पोहे, उपम्याचा रवा आणि राइस कुकर कुणाच्या बॅगेत जाणार हेही ठरलं होतं. राइस कुकर माझ्या.

मी एकच गोष्ट मागितली होती. फ्लॉरेन्समध्ये एक जुना मठ आहे. तिथे राहणाऱ्या एका साधूने इतर साधूंच्या खोल्यांच्या भिंतींवर एकेक चित्र काढलं आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला मोठं चित्र आहे, देवदूत आणि मेरीचं. पुण्याच्या वर्तमानपत्रात असताना मी त्याचा फोटो रविवार पुरवणीत लावला होता. जागा दोन कॉलमांची होती, म्हणून देवदूताचा अर्धा पंख मीच कापला. तो पूर्ण बघायचा होता. मला तिथे एक सकाळ हवी होती, एकटीला.

शीटमध्ये त्यासमोर लिहिलं होतं: ऑप्शनल.

“मठ म्हणजे शेवटी चर्चच ना?” यजमान म्हणाले. “चर्च आपण ऑलरेडी तीन घेतलीत.”

“आणि एकटीला कशाला?” नणंद म्हणाली. “आम्ही काय चित्रं बघताना बडबडतो?”

“बडबडता,” मी म्हटलं.

नवरा हसला. नणंदेने त्याच्याकडे पाहिलं. तो हसायचा थांबला.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी पिसाचा मनोरा होता आणि तिसऱ्या दिवशी शहराबाहेरचं सेलचं मार्केट. पिसाला मनोऱ्याला हाताचा टेकू दिल्याचे फोटो काढायला सव्वा तास राखून ठेवला होता.

एवढं झाल्यावर यजमानांनी तिकिटांची पीडीएफ ग्रुपवर टाकली. विमानाची चार, मोठ्या चित्रदालनाची चार. मी ती फोनवर उघडली. पानावरची नावं आधी वाचायची ही डेस्कवरची सवय आहे. बाकी काहीही चुकलं तरी निभावतं, नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापावी लागते.

चौथा प्रवासी मी नव्हते.

आमच्या घरी लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. चौदा वर्षांपूर्वी माझंही लिहिलं. सासरी त्या नावाने हाक मारतात, मी ओ देते. कागदावर ते कधी आलं नाही. बातमीखाली माझं नाव छापून येत होतं आणि मला ते बदलायचं नव्हतं. पासपोर्टवर, इथल्या रहिवासी परवान्याच्या कार्डावर, खेमेन्तेच्या म्हणजे नगरपालिकेच्या नोंदवहीत, सगळीकडे जन्माचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. तिकिटावर तांदळातलं नाव होतं, मध्ये नवऱ्याचं, शेवटी सासरचं आडनाव. तीनपैकी एकही शब्द माझ्या कागदांवरच्या नावात नाही.

मी ते वाचून दाखवलं.

“मग काय झालं?” नणंद म्हणाली. “तुझंच नाव आहे.”

“या नावाचा माणूस विमानात बसू शकत नाही, ताई.”

यजमानांनी शीटवर बोट ठेवलं. “हे बघा, मी रकानाच दिला होता. पासपोर्टप्रमाणे नाव. जे भरलं ते मी टाकलं.”

रकाना नणंदेने भरला होता. माझा पासपोर्ट तिने मागितला नव्हता. शेजारच्या रकान्यात तपासल्याची हिरवी खूण होती.

यजमानांनी विमान कंपनीचे नियम वाचले. एखाददुसरं अक्षर सुधारून मिळतं. सबंध नाव बदललं तर तो दुसरा प्रवासी धरतात, त्याला नवं तिकीट लागतं. चित्रदालनाच्या तिकिटांवरही नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात.

“पासपोर्टच बदलून टाक ना,” नणंद म्हणाली. “तेव्हाच करायला हवं होतं. सहा आठवडे आहेत.”

“सहा आठवड्यांत होणार नाही.”

“चौदा वर्षांत तरी कुठे झालं? आईने किती वेळा सांगितलं. पण हिला पेपरात छापायचं होतं ना. पेपर सुटला, नाव सुटत नाही.”

“ताई, चूक तिकिटात आहे. पासपोर्टात नाही.”

“माझीच चूक. तुला घरातली समजून लिहिलं मी.”

यजमान समजुतीच्या सुरात म्हणाले, “असं बघा, वहिनी. तुम्हाला तसंही आमच्या प्लॅनमध्ये इंटरेस्ट नाही. या वेळी आम्ही तिघं जाऊन येतो. पुढच्या वेळी तुमचा मठ पहिल्या नंबरवर घेऊ.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता. म्हणाला, “तसंही करता येईल. तू ठरव.”

मी ठरवलं. तिघांच्या समोर, फोनवर, त्यांच्या एक दिवस आधीचं विमान घेतलं. ते शनिवारी संध्याकाळी उतरणार होते, मी शुक्रवारी. शनिवारची सकाळ मोकळी मिळत होती. नाव भरताना पासपोर्ट बघावा लागला नाही. मग टीव्हीवर दिसणारी शीट फोनवर उघडून तिच्यातली माझी ओळ काढून टाकली.

“आणि नाश्त्याचं काय?” नणंदेने विचारलं.

“जबाबदार माणूस शोधा.”

“बघ रे,” ती भावाला म्हणाली, “तुझ्या बायकोची भाषा बघ.” चहा न घेता ती दोघं निघाली. यजमानांनी दारात “चला, पुढचं मेसेजवर ठरवू” म्हटलं. मी दार लावलं.

तासाभराने शीट उघडून पाहिली. माझी ओळ परत आली होती. नाव तेच, तांदळातलं. नवरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता.

“तू टाकलीस?”

“ताईला वाईट वाटलं. शीटमध्ये राहिलीस तर काय बिघडतं? नंतर सगळे एकत्रच असणार आहोत.”

“मग रकान्यात लिहिलंय तसं नाव लिही. पासपोर्टप्रमाणे.”

“पासपोर्ट दे.”

“देणार नाही. आठवून लिही.”

त्याने जुनं नाव पुसलं. मग त्याने लिहिलं: माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझं आडनाव. स्पेलिंगसकट बरोबर. कुठेही अडला नाही.

म्हणजे नणंदेने रकाना भरला आणि याने तपासला, त्या दिवशीही त्याला ते येत होतं.

“झालं?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “आता तिथेच लिही, शुक्रवारी एकटी. आणि नाश्ता काढ.”

त्याने लिहिलं. मी ते वाचलं आणि मगच उठले.