तोंड दिसलं तर ऐकू येतं

माझे वडील कागदाच्या मिलमध्ये मशिनीवर होते. तिथल्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू गेले. समोरच्याच्या तोंडाकडे बघत ते बोलणं समजून घ्यायचे, त्यामुळे आम्हा घरच्यांनाही ते कितपत ऐकतात याचा नीट अंदाज नव्हता.

माझं लग्न झालं ते हिंदी मुलखातल्या सागर शहराकडच्या मुलीशी. तिच्या माहेरी सासऱ्यासमोर घूंघट घेतात. आमच्याकडे ती पद्धत नाही, पण सवयीनं तिनं पदर पुढे ओढला आणि खाली मान घालून विचारलं, "बाबूजी, चाय में शक्कर कितनी?"

वडील म्हणाले, "हो, गाडी वेळेवर होती."

ती आत आली ती रडवेलीच. "बाबूजी नाराज़ हैं?" मी काही बोलायच्या आत वडील दारात येऊन उभे राहिले.

"बेटा, पदर मागे घे. कानात अर्धंच येतं, बाकीचं मी ओठांवरून घेतो. तोंड दिसलं तर मला ऐकू येतं."

तिनं पदर मागे केला, वर बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. "एक चमचा," वडील म्हणाले.

त्या दिवसापासून ती त्यांच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून बसू लागली. तिची बोली त्यांना नवी होती, त्यामुळे सुरुवातीला दोघं खूप चुकले. 'पान' म्हटलं की त्यांना 'मान' वाटायचं, कारण ओठ दोन्हीकडे सारखेच मिटतात. मग ती पानाचा विडा तोंडात टाकल्यासारखं करायची आणि दोघं हसायचे.

तिला मराठी शिकायची होती, पण गाडी 'ळ'शी अडायची. आमच्या केळीच्या गावात ती 'केली' म्हणायची. मी दहादा म्हणून दाखवलं, तर ती वैतागली. "आप दोनों बार एक ही तो बोल रहे हो!" तिच्या कानाला खरंच फरक लागत नव्हता.

वडिलांनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि मोठा आ करून म्हटलं, "बाळा." त्यांची जीभ मागे वळून टाळूला लागली. मग म्हणाले, "बाला." जीभ दातांमागे टेकली.

"अरे, ये तो अलग है!" ती ओरडलीच.

कित्येक दिवस त्यांच्या तोंडाकडे बघितलं तरच तिला 'ळ' कळायचा, नजर वळवली की पुन्हा 'ल'. पुढे कधीतरी न बघताही कळू लागला. नेमकं कधी, ते तिलाही सांगता येत नाही.

परवा ती फोनवर बोलत होती. वडील समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं फोन ठेवल्यावर म्हणाले, "जळगावहून माझी बहीण होती ना?"

"तुम्हाला कसं कळलं, बाबूजी?"

"तिच्याशी बोलताना तुझे ओठही तिच्यासारखेच हलतात."

ती लाजली. मग त्यांच्या समोर सरकून आत्याची सगळी खबर सांगू लागली, मराठीत.