कलशाच्या गळ्यातला टॅग

नव्वदच्या दशकात अबुधाबीत माझ्या खोलीत राहणारा दोस्त साइटवर काम करतानाच अचानक गेला. घरच्यांना विचारून आम्ही अग्नी तिथेच दिला आणि अस्थी सावंतवाडीला पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

अबुधाबीच्या विमानतळावर पोलिसाने माझा पट्टा, किल्ल्या, सगळं काढायला लावलं. मग लाल फडक्यात बांधलेल्या तांब्याच्या कलशाकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "दोस्त है." तो थबकला. "खलास?" असं हळूच विचारून त्याने कलश मशीनमध्ये न घालता दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवला.

मुंबईत गोव्याचं विमान पकडायचं होतं. तिथल्या जवानाला मशीनमध्ये तांब्याच्या आतलं दिसेना. "खोलो," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. परक्या मुलखात कुणी फडक्याची गाठ सोडायला लावली नाही, आणि आपल्याच माणसांनी त्याला असं चव्हाट्यावर उघडायचं? मी भांडलो. "रूल है," एवढंच उत्तर. शेवटी गाठ मीच सोडली. त्याने आत डोकावलं, तोंड फिरवलं आणि हातसामानाचा कागदी टॅग कलशाच्या गळ्यात अडकवून त्यावर शिक्का मारला.

तो टॅग तोडायचं माझ्याकडून राहूनच गेलं. सावंतवाडीच्या घरी दोस्ताच्या बायकोने कलश मांडीवर घेतला आणि विचारलं, "हे कसलं?"

विमानतळावर उघडून तपासलं, असं मी चाचरत सांगितलं. मला वाटलं, आता ती चिडेल.

ती त्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली.

"बघितलं ना त्यांनी नीट? मग हेच होते ना, भावोजी?"