कुरैशी सरांच्या बैठकीतली अरबी

हुडको कॉलनीत कुरैशी सरांच्या बैठकीत आम्ही अरबीचं व्याकरण शिकायला बसलो आणि डोक्यात साचले किस्से! सरांचे उपकार फार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

वर्गात आम्ही तिघं. मला रिटायरमेंटनंतर वेळ घालवायचा होता, फिटर वानखेडेला गल्फमध्ये नोकरी हवी होती. कुंदाताईंची मुलगी लग्न होऊन जॉर्डनमध्ये, अम्मानला गेलेली. आठ वर्षांची नात फक्त अरबी बोलते, फोनवर आजीला सलाम करून पळते. ती एकदा तरी थांबावी, म्हणून ताई शिकत होत्या.

*

सर क्रियापदावरून नाम करायला शिकवत होते. कतबा म्हणजे त्यानं लिहिलं. किताबा म्हणजे लिहिणं. दखला, तो आत शिरला, दुखूल, शिरणं. साध्या तीन अक्षरी क्रियापदांना पक्का नियम नाही, ऐकून पाठ करायचं.

वानखेडे उखडला. "ड्रॉइंगच नाही, त पार्ट कसा बनवू जी?"

सर म्हणाले, "वानखेडेजी, बीवी का मिज़ाज किस ड्रॉइंग से समझे थे?"

वानखेडे मुकाट्यानं पाठ करू लागला!

*

पुढे मूळ अक्षरांत भर घालून केलेल्या वाढीव क्रियापदांना ठरलेले साचे निघाले. अल्लमा, शिकवलं, तालीम, शिकवणं. वानखेडे खूश! प्लांटमधल्या मशीनला लावतात तसे पत्र्याचे टॅग करून आणले, वर क्रियापद, खाली त्याचं नाम. साच्यातली क्रियापदं हिरवी, बिनसाच्याची लाल. सगळे बैठकीच्या भिंतीवर टांगले.

सरांच्या पत्नी म्हणाल्या, "ये मेरी बैठक है या आपका स्टोअर?"

पण टॅग त्यांनी कधी काढले नाहीत.

*

रमजानात एकादशी आली. सरांचा रोजा, ताईंचा उपास आणि वानखेडेच्या पिशवीत गरम समोसे!

सर शेवटी म्हणाले, "बाहर जाकर खा लो भाई. ख़ुशबू से रोज़ा नहीं टूटता, मेरा सब्र टूट रहा है!"

*

ताईंची बोलायची मात्र हिंमत होईना. "एवढं पाठ केलं, मंग तोंड कावून उघडत नाही माह्यं?"

एका शुक्रवारी वर्गातच अम्मानचा व्हिडिओ कॉल आला. नातीनं सलाम केला आणि वळली. ताई घाबरल्या. सर रोज आमच्याकडून घोकून घेत, तेच तोंडातून निघालं.

"कतबा!"

पोरगी थांबली. "किताबा," ती हळूच म्हणाली.

"दखला!"

"दुखूल!"

"अल्लमा!"

"तालीम!" ती खुर्ची ओढून बसलीच. मग तीच विचारू लागली. ताई अडल्या की मी आणि वानखेडे भिंतीकडे बघून मागून ओरडायचो. सर नुसते हसत राहिले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तिकडून मुलगी हसत म्हणाली, "आई, ती विचारून राहिली, आजी कोणत्या वर्गात आहे?"

ताईंनी डोळे पुसले. "सांग तिले, तिच्याच!"