देवांच्या कपाटासमोर बीफचं सूप

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ठसका लागायला नको. मी बीफ खाते. पुण्यातल्या शाकाहारी घरात वाढले, तशाच घरात लग्न करून गेले आणि आता ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला, स्वतःच्या ओट्यावर बीफचं जपानी नूडल सूप करते. चोरून नाही, खिडक्या सताड उघड्या टाकून करते.

मला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू माझ्या आतड्यांना चालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. हे कळेपर्यंत अंगातलं लोह इतकं उतरलं होतं की कपडे वाळत घालतानाही मला मध्येच बसावं लागे. डॉक्टरीणबाईंनी गहू कायमचा बंद केला आणि लाल मांस खा म्हणून सांगितलं. यातलं एकही आपल्या लोकांना पटलं नाही. सत्यनारायणाला रव्याचा शिरा पुढे करून ‘अगं, प्रसादाने कधी कुणाला बाधलंय का?’ असं विचारणाऱ्या बायकांना मी सुरुवातीला समजावत असे. मग हसून टाळू लागले. मग सरळ ‘नको’ म्हणायला शिकले आणि तेव्हापासून मी शिष्ट ठरले. ठरले तर ठरले.

सूप मला दिलं ते हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या माझ्या जपानी सहकारिणीने. तिने एकदा जेवायला बोलावलं. मी गेले तर ओट्यावर सगळ्या बाटल्या नि पाकिटं मांडून ठेवलेली, मागची बाजू माझ्याकडे करून. ‘यू रीड फर्स्ट. देन आय कुक,’ म्हणाली. ‘थोडंसं चालेल का’ असं न विचारणारी ती पहिलीच बाई. माझं वाचून होईपर्यंत तिने गॅस पेटवला नाही. त्या दिवशी मी दुसऱ्याच्या घरी न घाबरता जेवले, दोनदा वाढून घेतलं आणि गाडीत बसल्यावर रडले.

मग मी ते घरी करायला लागले. समुद्रशेवाळाची वाळकी पट्टी आणि सुके मशरूम गार पाण्यात भिजत घालायचे. ते पाणी मंद आचेवर तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत पट्टी काढून घ्यायची, नाहीतर कडवटपणा उतरतो. आमचा बुचर मांस अर्धवट गोठवून कागदासारखं पातळ कापून देतो. मी दर वेळी सॉरी म्हणते आणि तो दर वेळी ‘नो वरीज, लव्ह’ म्हणतो. कांदा, आलं, मांस, थोडी साखर, आणि नेहमीच्या सोया सॉसऐवजी तमारी, कारण सोया सॉसमध्ये गहू असतो आणि मी घेते त्या तमारीत नसतो. नूडल्स निव्वळ बकव्हीटच्या. बकव्हीट म्हणजे उत्तरेकडचे लोक उपासाला खातात तो कुट्टू. माझ्या वाडग्यात उपास आणि पाप एकत्र नांदतात, आणि दोघांचं छान जमतं. त्या पातेल्याचा नियम एकच होता: न वाचलेलं काही त्यात पडणार नाही.

मग सासूबाई पुण्याहून मुक्कामाला आल्या. त्यांच्याविषयी वाईट बोलायला मला जागा नाही. माझ्यासाठी त्यांनी घरात कणीकच येऊ दिली नाही, स्वतःची पोळीसुद्धा सोडली. आमच्या आसपास मैलोन्मैल ज्वारी उभी असते, पण ती इथे गुरांना घालतात. भाकरीचं पीठ ब्रिस्बेनहून आणावं लागतं. नवऱ्याला गाडी काढायला लावून त्या ते आणवायच्या आणि रोज मला गरम भाकरी थापून द्यायच्या. फक्त बीफचा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्या ‘ते’ म्हणत.

“आई आहे तोवर ते सूप राहू दे ना,” नवरा म्हणाला. “अगदीच वाटलं तर बाहेर खा.”

“बाहेर कुठे खाऊ? बाहेर गहू आहे.”

तरी मी थांबले. आठवड्यामागून आठवडे सासूबाईंच्या हातचं वरण, कढी, भाजी जेवले आणि पुन्हा आजारी पडले. पोट फुगायचं, तोंड यायचं, शिफ्टला उभं राहवेना. सासूबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं ते खाल्लंस, आता बाधतंय.” मला इतका संताप आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला.

त्यानंतरच्या रविवारी मी पातेलं बाहेर काढलं.

“आज ते करणार?” सासूबाईंनी विचारलं.

“हो, आई.”

“घरात?”

“गॅस घरातच आहे.”

आमचे देव ओट्यासमोरच्या पँट्रीत, म्हणजे वाणसामानाच्या कपाटात, वरच्या फळीवर असतात. सासूबाईंनी उठून देवांना नमस्कार केला आणि पँट्रीचं दार लावून घेतलं. मग सोफ्यावर पाठ करून बसल्या. इथल्या घरांत स्वयंपाकघराला भिंत नसते, त्यामुळे रागावून बसलेलं माणूसही समोरच असतं. मी कांदा चिरला, मांस टाकलं. घरभर वास सुटला आणि कितीतरी दिवसांनी मला खरी भूक लागली.

थोड्या वेळाने त्या उठून आल्या. हातात पुण्याहून आणलेली हिंगाची डबी.

“मी त्या पातेल्याला हात लावणार नाही,” म्हणाल्या. “पण निदान हिंग तरी घाल. ते जड असतं म्हणतात. तुझं पोट आधीच नाजूक.”

मला त्यांचा राग आला आणि त्यांची मायाही आली, दोन्ही एकदमच. मी डबी घेतली आणि सवयीने उलटी केली. पहिलाच शब्द गव्हाचं पीठ. मग डिंक. हिंग सगळ्यात शेवटी.

दिवसभर औषधांवरची बारीक अक्षरं वाचणारी मी, पण हिंग कोण वाचतं? हिंग म्हणजे हिंग. आम्ही दोघंच असताना घरात फोडणी क्वचितच व्हायची आणि हिंग तर आणलाच जायचा नाही. सासूबाई मात्र तो एकाही फोडणीत विसरल्या नव्हत्या. माझ्या पोटात गहू रोज जात होता, वरणातून, कढीतून, भाजीतून.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मीच तुला...”

“तुम्ही नाही हो आई. डबीत काय आहे ते तुम्हाला तरी काय माहीत.”

नवऱ्याने येऊन डबी कचऱ्यात टाकली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझा हात धरला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“बरं झालं बाई, कारण सापडलं. आता हिंग बंद. लोहासाठी गोळ्या मिळतात. मग आता हे करायची गरजच उरली नाही ना?”

नवराही मान डोलवू लागला.

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. हात इतक्या प्रेमाने धरलेला होता. पण इतकी वर्षं आमच्या घरात माझं बीफ फक्त औषध म्हणून खपून गेलं होतं, आणि तेही खाली मान घालून. बरी झाले की परवानगी संपणार. म्हणजे मला हवं ते शिजवायला मी कायम आजारीच असायला हवं होतं की काय?

“गरज नाही, आई,” मी म्हणाले. “मला आवडतं.”

“आवडतं?”

“हो. ठणठणीत बरी झाले तरी करणार. इथेच.”

त्यांनी माझा हात सोडला. ताटात भाजीभाकरी वाढून घेतली आणि आतल्या खोलीत गेल्या. “काय गरज होती असं बोलायची?” असं नवरा हळू आवाजात म्हणाला आणि स्वतःचं ताट घेऊन त्यांच्यामागे गेला.

मी वाडगा काठोकाठ भरला आणि टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसले. रडू येत होतं, ते येऊ दिलं, पण उठले नाही. मग काड्यांनी नूडल्स उचलल्या आणि असा भुरका मारला की तो आतल्या खोलीत ऐकू गेला असणार. जावा म्हणूनच मारला होता.