पाचवीच्या वर्गात तात्या जे बोलले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. कॉलेजात किती विषय राहिले होते तेही तिला सांगून झालंय, पण हे जिभेवर येतं आणि परत जातं.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण पहिल्या शिकलेल्या मुलाला एक काम आपोआप चिकटतं — घरच्यांच्या वतीनं बोलायचं. बँकेत, दवाखान्यात, कॉलेजच्या ऑफिसात वडील जे म्हणतील ते मी ‘नीट करून’ सांगायचो. नीट करून म्हणजे काय? थोडं कापायचं, थोडं जोडायचं. वडील बाजूला हात बांधून उभे. त्यांना काय कळतंय, असं मला वाटायचं. खरंच वाटायचं.

तर, अमेरिकेतलं, टेक्सासमधलं प्लेनो. साल 2004. प्रोजेक्ट संपून मी बेंचवर होतो, म्हणजे पगार चालू पण काम नाही, आणि दर रविवारी सुहासदादाकडे जेवायला. दादा माझा टीम लीड. त्याचे वडील, तात्या, रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आले होते. वय शहाऐंशी, पाठ ताठ. मीही तिकडचाच, त्यामुळे आमचं जमलं. ताटातल्या तिलापियाकडे बघून ते म्हणायचे, “किती सभ्य मासा रे हा. वाससुद्धा विचारून येतो.”

तात्या तरुणपणी राखीव खलाशी होते. दोन महायुद्धांच्या मधला काळ. हिंदुस्थानचं नौदल म्हणजे तेव्हा मोजकी जहाजं. ही राखीव माणसं वर्षभर किनाऱ्याच्या बोटींवर राबायची आणि वर्षातून एक महिना नौदलाच्या जहाजावर हजर व्हायची. शत्रू नाही, लढाई नाही. कवायत करायची, पितळ घासायचं, रंग मारायचा आणि सरावासाठी कोलंबोपर्यंत जाऊन यायचं. “वर्षातला एक महिना आम्ही शूर,” तात्या हसायचे.

नात अनया पाचवीत. तिच्या शाळेत आजोबांना घेऊन यायचा दिवस होता, त्यांनी वर्गाला आपली एक आठवण सांगायची. दादाच्या ऑफिसात नेमकं सॉफ्टवेअरचं रिलीज, वहिनींना सुट्टी नाही. दादाचा फोन आला, “यार, तू जा ना. बेंचवरच आहेस. तात्या बोलतील, तू ट्रान्सलेट कर.” अनयाचं मराठी पाणी, जेवण, झोप एवढ्यापुरतं. म्हणजे तिच्या आजोबांनी तिला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट — आणि ती जाणार माझ्या तोंडून.

तात्यांनी कोट घातला होता. मुलं गालिच्यावर मांडी घालून बसली होती. मागच्या खुर्च्यांवर दोन गोरे आजोबा, एकाच्या टोपीवर लढाऊ जहाजाचं नाव. तात्या उभे राहिले. सांगितलं त्यांनी ते असं —

जहाजाच्या मागच्या टोकाला एक माणूस नुसता उभा करतात. कुणी पाण्यात पडलं तर त्याच्याकडे तरंगणारी रिंग फेकायची, ओरडायचं, एवढंच काम. त्या दुपारी तिथे तात्या होते. त्यांच्याच वाडीतला गंगाराम बादली ओतायला कठड्याशी आला, लाटेनं जहाज कललं आणि तो पाण्यात गेला. तात्यांनी पाहिलं. तोंड वर करून तो तात्यांकडेच बघत होता. रिंग हाताशी होती. “माझा हात उठला नाही. ओरडलोसुद्धा नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. कुणाच्या तरी लक्षात आल्यावर जहाज मागे वळवलं, तोवर तो नव्हता. साहेबानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, दिसला नाही. त्याच्या आईलाही तेच सांगितलं.”

ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी.

आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं की तात्यांनी मित्राला पडताना पाहिलं. ही थ्रू द रिंग. ही सेव्हड हिज फ्रेंड.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्या आजोबांनी बसल्या बसल्या सॅल्यूट केला. अनया — तिचा चेहरा काय सांगू तुम्हाला.

मुलं घाबरतील म्हणून केलं का? तसं मी बराच काळ स्वतःला समजावलं. पण नाही. मला लाज वाटली. त्या टोपीसमोर आमचा माणूस उभा राहून सांगणार की मी हात उचलला नाही? मी ते नीट केलं. सवयीनं.

इथवरच असतं तरी एक वेळ ठीक. पण पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. वॉज युअर फ्रेंड ओके? तात्या माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “ती विचारतेय, समुद्र किती खोल होता.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “खोल? खूप खोल.”

आणि मी वर्गाला सांगितलं — येस, ही वॉज ओके.

परतीच्या वाटेवर, हायवेला लागल्यावर, तात्या शांतपणे म्हणाले, “‘सेव्हड’ म्हणालास तू.”

ज्या जहाजावर साहेब इंग्रज, तिथे हुकूम कुठल्या भाषेत सुटत असतील? एवढा साधा प्रश्न मला, इंजिनिअरला, कधी पडला नव्हता. त्यांना बोलता फारसं येत नव्हतं. कळत सगळं होतं. आणि मग माझ्या वडिलांना, बँकेत, दवाखान्यात, किती कळत असेल?

म्हणजे त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांचं आयुष्य मी त्यांच्यासमोर बदलत होतो आणि ते गप्प उभे राहिले — परक्या वर्गात माझी शोभा होऊ नये म्हणून.

“तात्या, मुलं लहान होती,” मी म्हणालो.

“लहान होती म्हणूनच तर सांगत होतो. मोठी माणसं लगेच समजूत घालतात रे. तरुण होतास, चालायचंच. मला समजूत नको होती.” मग म्हणाले, “अनयाला तू खरं सांग. तुझ्या चांगल्या इंग्लिशात. माझं तेवढं चालत नाही. ती मला ओळखते ते ह्या गोष्टीवरून, हे बरं नाही.”

मी हो म्हणालो. ते परत जाईपर्यंत दर रविवारी जेवताना ते एकदा माझ्याकडे बघायचे. रागानं नाही. सांगितलंस का, एवढंच. मी मान खाली घालून आमटी ओरपायचो. विमानतळावर त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी तात्या गेले. दादाच्या घरी फोटोला हार घातला होता. अनयानं एक कागद वाचला — माझ्या आजोबांनी मित्राला वाचवलं. दादा रडला. त्याला ही गोष्ट तिच्याकडूनच कळली होती. मी मागे उभा होतो.

आता ती चौदा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणी घरी होत्या. मला बघून म्हणाली, “काका, यू वर देअर! टेल देम.” सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इतकी सरळ संधी पुन्हा कधी मिळणार होती?

मी सांगितलं. रिंग फेकली, मित्र वाचला. या वेळी लाटा जरा मोठ्या केल्या.

म्हणून आज इथे सगळं खरं लिहून काढलं, तात्या बोलले तसंच, एक शब्द नीट न करता. मराठीत लिहिलंय. अनयाला मराठी वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला ते माहीत होतं.